न दुमडणारे पत्ते

(कारागांडा. अंधांच्या वसाहतीत पाचव्या मजल्यावरची खोली. रविवारची दुपार.)

सेकसेनबाय : माझे पत्ते संपले, मी सुटलो, तरी सांगतो. हे पत्ते नव्हेत, साबणाच्या वड्या आहेत. धरायला जावं तर सुळकन पळतात. बाल्झिया, पुढच्या डावाला आपला जुना कॅट काढ.

दामेत्केन : सेके, हा पहिलाच डाव आहे. सवय होईल की.

सेकसेनबाय : पियानोच्या तारा पिळून पिळून घट्टे पडलेत या बोटांना, आता कसली सवय? आणि तुझं काय जातंय? या खोलीत डोळे असलेली तू एकटी. पत्ते चाचपायचे आम्हा नवरा-बायकोला.

दामेत्केन : म्हणून तर आणले. छापखान्यातला टोचा घेऊन छत्तीसच्या छत्तीस पत्त्यांवर मी स्वतः ब्रेलची टिंबं पाडली. वर आकडा, खाली रंगाचं अक्षर. प्लॅस्टिकवरचं टिंब दबत नाही. चहा सांडला तर नळाखाली धरायचे आणि पुसायचे. तुमच्या कागदी कॅटाची काय दशा झालीय! टिंबं सपाट, कोपरे उंदरानं कुरतडल्यासारखे.

सेकसेनबाय : उंदराला नावं ठेवू नकोस.

बाल्झिया : बाउरसाक गार होतायत, खा आधी. दामेत्केन, किती राहिले तुझ्याकडे?

दामेत्केन : शेवटचा एक. तुमच्याकडेही एकच आहे, आपा. तुम्ही माझा मारलात तर बरोबरी. नाहीतर तुम्ही गाढव.

सेकसेनबाय : गाढव होईल त्यानं कचरा न्यायचा, पण दोन वर्षांत ही एकदा गाढव झाली नाही. पाच मजले उतरून कचऱ्याची बादली न्यायला आहेच मी हमाल.

बाल्झिया : टाक गं.

दामेत्केन : किलवरची सत्ती.

बाल्झिया : मारली. किलवरची अठ्ठी. बरोबरी.

दामेत्केन : आपा...

बाल्झिया : काय?

दामेत्केन : ती छक्की आहे.

बाल्झिया : अठ्ठी आहे.

दामेत्केन : मघाशी राणीला राजा म्हणालात, तेव्हा मी काही बोलले नाही. पण ही छक्की आहे. सेके, तुम्ही बघा हात लावून.

सेकसेनबाय : आण इकडे. हं... अठ्ठी.

दामेत्केन : सेके!

सेकसेनबाय : अठ्ठीच आहे. तुझा टोचा बोथट झाला असेल.

दामेत्केन : मला दिसतंय ना! छापलेला आकडाही दिसतोय आणि तुमचं टिंबावर टेकलेलं बोटही दिसतंय. तुम्ही खोटं का बोलताय?

सेकसेनबाय : माझ्या घरात येऊन मलाच खोटारडा म्हणतेस?

बाल्झिया : ओरडू नकोस, म्हाताऱ्या. तिला ऐकायचंच आहे तर ऐकू दे. दामेत्केन, जुन्या कॅटात मला सगळे पत्ते पाठ होते. कुठला कुठे दुमडलाय, कुठला मऊ पडलाय, सगळं. टिंबं मी वाचतच नव्हते. मी फसवून जिंकत होते. नव्या पत्त्यांत ते जमत नाही म्हणून हरतेय. झालं समाधान?

दामेत्केन : नाही झालं.

बाल्झिया : आणखी काय हवंय? लबाड आहे म्हणून कबूल केलं की.

दामेत्केन : लबाड म्हणवून घेणं तुम्हाला चालतंय, आपा. बोटं गेली असं म्हणणं चालत नाही.

सेकसेनबाय : दामेत्केन, तुझा कोट दाराशी आहे. घाल आणि नीघ.

दामेत्केन : निघते. पण बोलून निघते. उद्या सोमवार आहे म्हणून आज आले, नाहीतर आलेच नसते.

बाल्झिया : तू बस रे. आणि तू बोल.

दामेत्केन : शाळेतून पत्र आलंय. तिसरीच्या गणिताच्या पुस्तकाबद्दल. मी मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचत होते आणि तुमचं बोट टिंबांच्या पानावर होतं, आठवतं? मी म्हटलं, सात आठे छप्पन्न. तुम्ही म्हणालात, बरोबर. पानावर होतं सात सक छप्पन्न. तसंच छापलं गेलं. आंधळी पोरं तेच घोकत बसलीत.

बाल्झिया : एकतीस वर्षांत एक चूक.

दामेत्केन : पत्रं चार आहेत.

बाल्झिया : चार?

दामेत्केन : चारही माझ्या खणात आहेत. साहेबांना दाखवायचा धीर होत नाही. तुम्हीच मला या कामाला लावलंत, वाचताना श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा तुम्ही शिकवलंत. मी कुठल्या तोंडानं दाखवू?

बाल्झिया : अगं, तपासण्याचं काम आहे, एखादी चूक राहते. पुढच्या पुस्तकात जास्त लक्ष देईन.

दामेत्केन : पुढचं, उद्यापासूनचं पुस्तक काय आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? साखरेच्या आजाराची पुस्तिका. आंधळी माणसं ती चाचपून स्वतःला इंजेक्शन टोचणार. सकाळी सहा युनिट, संध्याकाळी आठ. सहाला तीन टिंबं, आठालाही तीनच. तिसरं टिंब वर आहे की मधे, एवढाच काय तो फरक. आणि तुम्ही आत्ता...

सेकसेनबाय : पुरे.

दामेत्केन : आत्ता या टेबलावर सहाला आठ म्हणालात, आपा. उद्या तुम्ही 'बरोबर' म्हणालात तर मी काय करू? गप्प बसू? कुणी मेलं म्हणजे?

सेकसेनबाय : पुरे म्हणतो ना! हिला स्वतःला तोच आजार आहे, हे माहीत असून बोलतेस?

दामेत्केन : माहीत आहे म्हणूनच बोलतेय.

बाल्झिया : थांबा दोघं. जरा बसू द्या मला.

सेकसेनबाय : चहा ओतू?

बाल्झिया : नको. दामेत्केन, या आजारानं आधी उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं. दोन वर्षं होत आली. मग मधलं. जाड हातमोजा घालून वाचावं तसं वाटतं. काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. मग मी तुझ्या आवाजाच्या मागे मागे बोट फिरवायला लागले. तू वाचायचीस आणि मी म्हणायचे, बरोबर.

दामेत्केन : मला सांगायचं होतंत, आपा.

बाल्झिया : काय सांगणार? सातव्या वर्षी डोळे गेले तेव्हा आई रडली, मी नाही रडले. मला काय कळत होतं! आठव्या वर्षी अक्षरं हाताला लागली आणि मला वाटलं, चला, सगळं परत मिळालं. आता हेही गेलं तर मी दिवसभर काय करू? खिडकीशी बसू? मला भीती वाटते गं. भयंकर भीती वाटते.

दामेत्केन : मी आहे ना.

बाल्झिया : आणि मी स्वतःलाच फसवत होते, या पत्त्यांच्या जिवावर. रोज संध्याकाळी जिंकायचे आणि म्हणायचे, बघ, अजून कळतंय की. कॅट जुना होत चालला तसा तो मला जास्तच ओळखू यायला लागला. दर महिन्याला एखादा नवा कोपरा मोडलेला सापडायचा. तळव्याला, अंगठ्याच्या बुडाला तेवढं लागायचं. म्हणायचे, बरं झालं, झिजतोय.

सेकसेनबाय : झिजत नव्हता.

बाल्झिया : काय?

सेकसेनबाय : पत्ता झिजला तर कसाही झिजतो. चारी राजांचा एक कोपरा आणि चारी राण्यांचे दोन, असा शिस्तीत झिजत नाही. मी दुमडत होतो. तू कामावर गेलीस की खिडकीशी बसून. एक्के दातानं कुरतडले.

बाल्झिया : तू?

सेकसेनबाय : मग काय उंदीर?

दामेत्केन : म्हणजे या बदामच्या राजावर दात उमटलेत ते...

सेकसेनबाय : शुक्रवारी तू ठेवून गेलीस, काल दिवसभर हिच्या नकळत मागे लागलो होतो. दुमडला की परत सरळ. नखानं ओरखडा पडत नाही. चमचा तापवून टेकवला, तर माझंच बोट भाजलं. एका राजावर जेमतेम दात उमटले, बाकी पस्तीस कोरे करकरीत. फार टिकाऊ माल आणलास, बाई. फार टिकाऊ.

बाल्झिया : तुला कधी कळलं?

सेकसेनबाय : दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात. माझ्या गालावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, आज दाढी छान गुळगुळीत केलीस. मी तीन दिवस केली नव्हती.

बाल्झिया : आणि बोलला नाहीस.

सेकसेनबाय : तू बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो.

बाल्झिया : दोन वर्षं तू इकडे मला जिंकवत होतास आणि तिकडे मी बरोबर, बरोबर म्हणत पोरांच्या पुस्तकांची माती करत होते.

सेकसेनबाय : तुझ्या कामाचं मला काय माहीत? मला वाटलं, पत्त्यांपुरतंच आहे.

बाल्झिया : खरं सांग.

सेकसेनबाय : खरंच सांगतोय.

बाल्झिया : ज्या बोटांना दाढी कळत नाही, त्या बोटांनी ही कामावर काय वाचत असेल, हे एकदाही मनात आलं नाही तुझ्या?

सेकसेनबाय : आलं होतं.

बाल्झिया : मग?

सेकसेनबाय : मग मी आणखी एक कोपरा दुमडला. तू जिंकलीस की गुणगुणत भांडी घासायचीस. त्या गुणगुणण्यासाठी मी पाचच काय, पन्नास मजले उतरलो असतो. चुकलं माझं. आता शिव्या घाल.

बाल्झिया : नंतर घालीन. दामेत्केन, रडतेस काय? नाक ओढल्याचं ऐकू येतंय मला. कान आहेत अजून शाबूत.

दामेत्केन : हे प्लॅस्टिक मी आणलं. तुम्हाला पकडायला आणलं, आपा. टिंबं पाडताना प्रत्येक पत्त्याला तेच मनात होतं.

बाल्झिया : चांगलं केलंस. उद्या माझ्या खुर्चीवर छापखान्यातल्या त्या शिकाऊ इंजूला बसव. घाई करते पोरगी, पण बोटं चोख आहेत तिची. आकडा आला की प्रत्येक वेळी थांबायला लाव. दोनदा वाचायला लाव.

दामेत्केन : आणि साहेब?

बाल्झिया : साहेबांकडे मी जाईन. ती चार पत्रं मला दे, मीच नेऊन देते. दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली पुस्तकं इंजूनं पुन्हा तपासायला हवीत, तेही सांगीन.

सेकसेनबाय : मी येतो सोबत.

बाल्झिया : तू दाराबाहेर थांब. आत मी बोलेन. आता तो पत्ता दे माझ्या हातात.

सेकसेनबाय : कुठला?

बाल्झिया : माझा, शेवटचा. ज्याला तू अठ्ठी म्हणालास. वाच.

सेकसेनबाय : किलवरची छक्की.

बाल्झिया : नक्की?

सेकसेनबाय : नक्की. तीन टिंबं, तिसरं वर.

बाल्झिया : म्हणजे सत्ती मारली गेली नाही.

दामेत्केन : जाऊ द्या, आपा. पहिलाच डाव होता, धरायचा नाही.

बाल्झिया : का धरायचा नाही? आजपासून पत्ते हेच. टिकतात म्हणतेस ना, मग टिकू देत. जुने उद्या चुलीत घालू. माझे हा वाचेल.

सेकसेनबाय : आणि मी तुझे पत्ते वाचून तुला हरवलं तर?

बाल्झिया : हरव की. दोन वर्षांचा राग काढ.

सेकसेनबाय : बरं. बस तू, मी जरा खाली जाऊन येतो. आज पोराटोरांनी जिन्यात बर्फ आणून ठेवलाय, जपून उतरावं लागतं.

बाल्झिया : तू कुठे निघालास?

सेकसेनबाय : कुठे म्हणजे? बादली न्यायला. बाहेर उणे पंचवीस आहे.

बाल्झिया : मग माझे हातमोजे दे. आणि ती बादली इकडे आण. आज मी हरलेय.