दोस्त म्हणायला काय जातं

...न्हाय, मला सांगा, भर नाक्यावर, पोरांसमोर दामूनं विचारलं, "हाय हिंमत? थमदादाला 'दुश्मन' बोलून दाखव," तर मी काय 'न्हाय' बोलणार होतो? आठवीतनं शाळा सुटली, लूमवर सुताच्या कांड्या भरतो, इज्जत सोडून दुसरं हाय काय माझ्याकडं? बोललो, दाखवतो. चहा घ्या तुम्ही, पण ऐका जरा...

थमदादा तुम्हाला माहीत हाय, तरी सांगतो, नवी माणसं उभी हायेत. पंढरीनाथ दादा, आपल्या पाण्याच्या टाकीचा वॉचमन. आधी मिलिटरीत, एकाहत्तरच्या लढाईत होता, मग नगरपालिकेत लागला, पण मिलिटरी काय अंगातनं गेली न्हाय. खाकीला कडक इस्त्री, हातात काठी, आणि फाटकाशी कोणाची चाहूल लागली की, "थम. कौन आता है?" आपण बोलायचं, "दोस्त." मग तो, "दोस्त, आगे बढो." साहेब आला तरी तेच. साहेब वैतागायचा, "अरे पंढरी, मी रोज येतो, ओळखत न्हाईस काय?" तर हा, "साहेब, दोस्त म्हणायला काय जातं?" एकदा बकरी अडवली त्यानं. बकरी काय दोस्त बोलली न्हाय, गेली बिचारी परत.

हसा. मी पण हसायचो.

पण दंगलीच्या साली कोणीतरी उठवलं ना, टाकीत विष घातलंय म्हणून? ह्या गल्लीतले बोलायचे त्यांनी घातलं, त्या गल्लीतले बोलायचे ह्यांनी. माठ कोरडे, तान्ही पोरं रडतायत, नळ उघडायची कोणाची छाती न्हाय. तेव्हा दादानं रस्त्यात खुर्ची टाकली, नळाखाली तांब्या भरला, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला आणि बसला. बोलला, "मी मेलो तर पिऊ नका." बसला, बसला, ऊन डोक्यावर आलं... मग बायका हंडे घेऊन निघाल्या, दोन्ही गल्लीतल्या. त्यात माझी आई. ते पाणी पिऊन मी वाढलो, आणि मीच...

थांबा, येतो तिथं.

दिवेलागणीला लाईट गेलेली. दामू आणि पोरं भिंतीमागं, मी फाटकाजवळ एरंडाच्या झुडपात. चाहूल लागली. दादा बोलला, "थम. कौन आता है?" मी आवाज घोगरा केला, "दुश्मन." मला वाटलं शिव्या घालेल, मागं धावेल, आम्ही पळू, हसू. तो धावला न्हाय. समोर जी सावली होती, तिच्यावर काठी घातली त्यानं.

सावली म्हणजे कमळाबाई. त्याची बायको. शेलार गावाहून रोज त्याचा डबा घेऊन यायची. अख्ख्या भिवंडीत न कुरकुरता 'दोस्त' बोलणारी तेवढी एकच, ते पण पदर सावरून, जरा लाजून. त्या दिवशी तिचा दोस्त तोंडातच राहिला. हात मोडला. भाकरी मातीत, आणि दादा गुडघ्यावर बसून तिचं तोंड चाचपतोय, कपाळ, नाक, कानातली कुडी... "कमळ? तू हाईस?" अरे, हातभर लांब होती ती. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं, ह्याला दिसतच न्हाय. मोतीबिंदू. आवाजावर माणसं ओळखत होता तो, नोकरी जाईल म्हणून कोणाला बोलला न्हाय. आणि आपण समजत होतो मिलिटरीचा तोरा.

आम्ही पळालो.

दुसऱ्या दिवशी काय काय बोलणं झालं. "प्यायला असणार." "मिलिटरीवाले असलेच, बायकोला झोडपतात." कोण बोललं? तुम्ही बोललात. ह्याच नाक्यावर, हाच चहा पीत. कमळाबाई गळ्यात हात बांधून सांगतेय, "पाय घसरला ओ माझा," कोण ऐकतंय? साहेबानं विचारलं तर दादा सावधान उभा, "चूक मेरी है, साब." 'दुश्मन' म्हणून कोणी आवाज दिला, ह्यातलं एक अक्षर बोलला न्हाय. खाकी उतरवली, घरी बसवला. दामू मला बोलतो, "गप ना, कोणाला कळलंय?" दोस्त ना माझा.

मग मी गेलो शेलारला. रस्ताभर वाक्यं जुळवली, पाया पडेन, असं बोलेन, तसं बोलेन. दारात पाय टाकला आणि आतनं आवाज, "थम. कौन आता है?"

सगळी वाक्यं गेली. 'दोस्त' जिभेवर आला होता, खोटं न्हाय सांगत. दोस्त म्हणायला काय जातं?

"दुश्मन," मी बोललो.

चुलीपुढं कमळाबाई तशीच राहिली. दादा बोलला, "आज आवाज घोगरा न्हाय केलास."

नाव विचारलं. सांगितलं, लहानू, लूमवाल्या कोंडूचा, आणि नाक्यावरच्या पैजेचं पण. "मला सांगून काय उपयोग?" दादा बोलला. "जिथं पैज लागली तिथं सांग."

तिथून इथवर यायला लय दिवस लागले मला. हिंमत हाय का विचारलं होतं ना, दामू? आज झाली. ऐका सगळे, दादा प्यायला नव्हता. कमळाबाईला दादानं मारलं न्हाय, मी मारलं.

खाकी काय परत येत न्हाय. मी संध्याकाळी जातो, कमळाबाईचं पाणी भरतो. दादा रोज विचारतो, "कौन आता है?" मी बोलतो, "दुश्मन." तो बोलतो, "दुश्मन, हंडा घासून भर."

दोस्त म्हणायला काय जातं... बोलून बघा एकदा, त्या दारात जाऊन.