माझा नवरा एकदाच मेला

तुमच्यापैकी कुणाचा नवरा तेरा वेळा मेलाय का? नाही, हसू नका, खरंच विचारतेय… हात वर करा बघू. कुणीच नाही? बघा! म्हणजे अख्ख्या नेब्रास्कात मी एकटीच. आणि तेही शाळेनं लेखी कळवलं म्हणून, नाहीतर मला कुठलं कळायला! मी आपली सकाळी साडेसहाला शाळेची बस काढते, फाट्या-फाट्यावरनं एकवीस मुलं गोळा करते, शाळेत सोडते, तीन वाजता परत ज्याची त्याला देऊन टाकते. लाइल, म्हणजे माझा नवरा, चार वर्षांपूर्वी मक्याच्या कोठारात गेला. आणि तुम्हाला सांगते, माझा नवरा एकदाच मेला हो. एकदाच! तेवढंच पुष्कळ झालं होतं.

पण शाळा म्हणते, तेरा.

झालं काय… थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही रोंडा व्हॉन्ड्राचेक बस नीट चालवते पण बोलताना वळणावर इशारा देत नाही. आमची मार्नी यंदा बारावीला. तिला लिंकनला जायचंय, विद्यापीठात. आता विद्यापीठात जायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत, निबंध लागतो. आणि निबंधात काय लागतं? दुःख! तुमच्यावर कोसळलेलं संकट आणि त्यातून तुम्ही काय शिकलात, साडेसहाशे शब्दांत. आमच्या बसमधला डॉक्टरांचा मुलगा परवा माझ्या मागच्या सीटवर बसून अक्षरशः रडकुंडीला आला होता. म्हणतो, "रोंडाबाई, माझ्यावर काही कोसळतच नाही हो! आजोबासुद्धा ठणठणीत आहेत!" मी म्हटलं, "बाळा, धीर धर." दुसरं काय सांगणार?

तर मार्नीला शोधायची गरज नव्हती. तिच्याकडे होतं, तयार. आठवीत असतानाच लिहिलेलं. आठवीच्या बाईंनी तेव्हा मुलांना सांगितलं होतं, आपले निबंध इंटरनेटवर टाका, देशभरातली मुलं टाकतात, एकमेकांचे वाचतात. त्या जागेत म्हणे दोन खोल्या. एकीत विनोदी निबंध, दुसरीत गंभीर. मुलांनी खरं नाव द्यायचं नाही, टोपणनाव घ्यायचं, कुणी वाईट माणूस मागावर लागू नये म्हणून. बरोबरच आहे! मार्नीनं दोन्हीकडे एकेक टाकला. विनोदीत टाकला तो लाइलच्या दफनानंतर शेजाऱ्यांनी ओव्हनमध्ये भाजून आणून दिलेल्या तेवीस कॅसरोलांवर. तेवीस! बटाट्याचं, नूडलचं, परत बटाट्याचं… आम्ही दोघी खाणाऱ्या. त्या निबंधाला चार वर्षांत अकरा वाचक मिळाले, आणि त्यातल्या एकानं खाली लिहिलं, "हसू आलं नाही." आणि गंभीर खोलीत टाकला तो बापावर. तो वाचला चाळीस हजार मुलांनी. आता तुम्हीच सांगा, चाळीस हजार मुलं काय नुसतं वाचून गप्प बसणार?

तर हिनं यंदा तोच निबंध थोडा नीटनेटका करून इंग्रजीच्या तासाला दिला. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अगं, नवीन लिही की. आता तू मोठी झालीस." तर म्हणाली, "आई, ते एकदा लिहून झालंय. मी परत त्या कोठारापाशी जाऊन उभी राहणार नाही." मी स्वतः वर्षभर बस तिकडून नेत नव्हते, तीन मैलांचा वळसा घालत होते, मी काय बोलणार?

पण शाळेत आता निबंध आधी बाई वाचत नाहीत. आधी यंत्र वाचतं. कुणी कुठून उतरवलंय का ते तपासायला. तर यंत्रानं वाचला आणि सांगितलं, चौऱ्याण्णव टक्के चोरलेला!

मला बोलावणं आलं. मी बस उभी करून तशीच गेले, गळ्यात शिट्टी. मुख्याध्यापिका मिसेस ट्रॅपनेल. आवाज असा मऊ, की त्यांनी तुम्हाला काढून टाकलं तरी तुम्ही आभार मानून याल. त्यांनी माझ्यापुढे रुमालांचा डबा सरकवला आणि कागद ठेवला. अख्खा कागद लाल! चोरलेलं ते लाल, स्वतःचं ते पांढरं. पांढरं काय होतं माहितीये? मार्नीचं नाव, तारीख, आणि मधेमधे चुकार एखादं "आणि".

आणि तुम्हाला सांगते, तो निबंध मी तोपर्यंत वाचलाच नव्हता. आठवीत तिनं दाखवला नाही, मी मागितला नाही. पोरीनं बापाबद्दल काय लिहिलं ते मी पहिल्यांदा वाचलं ते असं, मुख्याध्यापिकेसमोर, लाल रंगात. मक्याचा वर थर धरला होता, तो फोडायला लाइल एकटा आत उतरला आणि मक्याखाली गाडला गेला. एकट्यानं उतरू नये हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि सगळे एकट्यानंच उतरतात. मग शेजारपाजारचे साठ लोक करवती घेऊन आले, त्यांनी कोठाराचा पत्रा कापला. मार्नीनं लिहिलं होतं, "भोकातून मका वाहत होता आणि सगळे मक्याकडे बघत होते. मी भोकाकडे बघत होते." आणि पुढे… पुढे लिहिलं होतं, की शेरीफ घरी सांगायला आला तेव्हा आईनं त्याला दारात पाय पुसायला लावले.

मी? मी लावले? मला आठवतसुद्धा नाही हो! पण लावले असणार. फरशी पुसलेली होती त्या दिवशी.

मी म्हटलं, "मॅडम, हे आमच्याच घरातलं आहे."

त्या म्हणाल्या, "मिसेस व्हॉन्ड्राचेक, हाच मजकूर यंत्राला आणखी बारा ठिकाणी सापडलाय. बारा शाळा, बारा विद्यार्थी. मार्नी तेरावी. आणि तारखेनं बघितलं तर सगळ्यात शेवटची."

आणि त्यांनी मला ते बारा दाखवले. अहो, काय सांगू! फ्लोरिडातल्या एकानं मक्याच्या जागी संत्री घातली होती. संत्र्यांत बुडाला माझा नवरा! व्हरमाँटच्या मुलीनं बर्फात पुरला. एकानं बापाचा आजोबा केला. एकानं हॉकीचा प्रशिक्षक केला. टेक्ससच्या पोरानं तर काहीच बदललं नाही, नावसुद्धा नाही. त्याच्या बापाचं नाव लाइल आहे का, मी म्हटलं, तर ट्रॅपनेलबाई म्हणाल्या, तो आमच्या अधिकारात येत नाही. आणि ओहायोच्या एका मुलीनं, देव तिला क्षमा करो, माझ्या नवऱ्याचा घोडा केला. घोडा! साठ शेजारी, करवती, सगळं तसंच. आणि शेवटी तिच्या आईनं पशुवैद्याला दारात पाय पुसायला लावले.

बाराच्या बारा आया पाय पुसायला लावत होत्या. ती ओळ कुणीच सोडली नाही.

आणि इंडियानातल्या एका मुलाला तर त्यावर बक्षीस मिळालं! त्याचा व्हिडिओ आहे. पोरगा स्टेजवर उभा राहून वाचतोय, "माझे बाबा गेले तेव्हा…" सभागृह रडतंय, आणि पहिल्या रांगेत एक गृहस्थ सगळ्यांत जास्त रडतायत. शेवटी पोरगं खाली उतरलं आणि त्यांच्या गळ्यात पडलं, म्हणालं, "थँक यू, बाबा!" बाबा! स्वतःच्याच मरणावर उभं राहून टाळ्या वाजवत होता माणूस! सावत्र असेल म्हणता? मलाही आधी तसंच वाटलं. पण नाक तेच हो. मी थांबवून थांबवून बघितलं, नाक तेच.

मी कुणाकुणाला ओरडून सांगू, की माझा नवरा एकदाच मेला!

आणि एकीवर मला रागावताच आलं नाही. तिनं मार्नीच्या निबंधाखालीच लिहून ठेवलं होतं, "मी तुझा निबंध घेतला. माझे बाबापण गेले. पण ते दारू पिऊन गेले, त्याचा निबंध होत नाही." आता हिला काय म्हणायचं? ने बाई, म्हटलं. तू ने.

दुसऱ्या दिवशी मी पुरावे घेऊन गेले. मृत्यूचा दाखला नेला. ट्रॅपनेलबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान खाली घालून वाचला आणि म्हणाल्या, "यावरून ते गेले हे सिद्ध होतं. निबंध कुणी लिहिला हे नाही." मी पेपरातली बातमी दाखवली. तर म्हणाल्या, "हे तर उलटच झालं. बातमी सगळ्यांनी वाचली, म्हणजे कुणालाही लिहिता आलं असतं." मी म्हटलं, बरं, इंटरनेटवरच्या मूळ निबंधावरचं टोपणनाव मार्नीचंच आहे, ती ते खातं उघडून दाखवेल. तर निबंध ज्या ईमेलवरून टाकला तो ईमेल शाळेनं दिलेला, आणि मुलं धाकट्या शाळेतून मोठ्या शाळेत आली की तो बंद होतो. कोण बंद करतं? शाळाच! त्या आठवीच्या बाई ओरेगनला गेलेल्या, त्यांनी लगेच पत्र पाठवलं, मला स्वच्छ आठवतंय म्हणून. तर आठवण हा पुरावा धरत नाहीत.

मग मात्र मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही स्वतः आला होतात की दफनाला! तुम्ही कॅसरोल आणलं होतं, मटार घातलेलं."

त्या म्हणाल्या, "हो. मला आठवतंय ना, रोंडा."

"मग?"

"मला आठवतंय. यंत्राला कसं आठवेल?"

आणि खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रुमालांचा डबा मी त्यांच्याकडे सरकवला. म्हणजे बघा, समोर वाईट माणूससुद्धा नाही भांडायला!

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, शाळेच्या मंडळापुढे सुनावणी मागायची. ती फेब्रुवारीत. पण शाळेचं पत्र विद्यापीठाला या शुक्रवारी जायचं, आणि त्यावर लिहावं लागणार, "या विद्यार्थिनीची चौकशी चालू आहे." असं पत्र गेलं की लिंकन विसरा. दुसरी वाट, मार्नीनं एका कागदावर कबूल करायचं की मजकूर माझा नव्हता, मी दुसऱ्याकडून घेतला. मग ती पहिली चूक धरतात, नवा निबंध लिहू देतात, आणि पत्र कोरं करकरीत जातं. विद्यापीठाला पत्ता लागत नाही.

म्हणजे पोरीनं सही करून द्यायची, की बाप मेला ते मी कुठूनतरी उतरवलं!

त्या दुपारी सगळी मुलं उतरली, मार्नी शेवटची, बसमध्ये आम्ही दोघीच. मी घरासमोर गाडी थांबवली पण दार उघडलं नाही. म्हटलं, "सही करायची नाही. सुनावणी होऊ दे. मी मंडळापुढे जाते, त्या साठ लोकांना घेऊन जाते, करवती घेऊन जाते!"

"आई, आणि लिंकन?"

"पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी इथेच? रोज ते कोठार बघत?"

मी म्हटलं, "बाबांना काय वाटेल?"

तर म्हणते, "बाबा म्हणाले असते, सही कर आणि पळ इथून. त्यांना फॉर्म कधी नीट भरता आलाय का? ट्रॅक्टरच्या फॉर्मवर त्यांनी जन्मतारीख तुझी लिहिली होती!"

मला हसू आलं. खरंच आलं. असं हसू, की मग थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ती उठून माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली, डॉक्टरांच्या पोराच्या जागी, आणि माझा खांदा धरला. मी म्हटलं, "पण मग नवा निबंध कशावर लिहिणार?"

"तुझ्या ड्रायव्हिंगवर. त्यात पण जिवावरचं संकट आहेच."

"गाढव कुठली!"

"दार उघड आई, भूक लागलीय."

तर असं आहे. कुणाशी भांडायचं तुम्ही सांगा. यंत्राशी? त्या इंडियानाच्या रडणाऱ्या बापाशी? त्या घोडेवालीशी? मी बसवाली बाई, बारावीपर्यंत शिकलेली. मला एवढंच माहिती की माझा नवरा एकदाच मेला, ऑक्टोबरात, मंगळवारी. तेरातला एक आमचा. तो कुठला हे आम्हाला ठाऊक आहे, एवढ्यावर भागवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला मार्नीनं कागदावर सही केली. "मजकूर कोणाकडून घेतला" अशी एक रिकामी ओळ होती, तिथे तिनं लिहिलं, "बाबांकडून." पालक म्हणून खाली मी सही केली. ट्रॅपनेलबाईंनी वाचलं, शिक्का मारला, आणि मार्नी गणिताच्या तासाला गेली.