आबांचा अबोला

सिस्टर : टॉर्च इकडे धरा. डोळ्यांवर नको हो, तोंडात! हं. आता बघा, जिभेवर, गालाच्या आतून.

मुलगा : दूध साचलंय का?

सिस्टर : दूध पुसलं की जातं. हे पुसलं तर खाली लालभडक. बुरशी आहे ही, पार घशापर्यंत गेलीय. जेवण कधीपासून सुटलंय?

मुलगा : दीड महिना झाला, आबा ताट सरकवतात. आम्हाला वाटलं, रागावलेत.

सिस्टर : आणि बोलणं?

मुलगा : ते तर बंदच. घड्याळं दुरुस्त करायचे. हात कापायला लागले, गिऱ्हाइकाचं घड्याळ पडलं. मी न विचारता दुकानाला कुलूप लावलं. "यापुढे माझ्याशी बोलू नकोस" म्हणाले. मीही त्यांचाच मुलगा. नाही बोललो.

सिस्टर : अहो, या तोंडानं थुंकी गिळतानासुद्धा ब्रह्मांड आठवत असेल. बोलणार कसे? दम्याचा पंप घेतात ना? त्यानंतर चूळ भरायची असते. कुणी सांगितलं नाही?

मुलगा : डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला.

सिस्टर : मग?

मुलगा : अबोला होता ना, सिस्टर. पंप टेबलावर ठेवला आणि निघून आलो.

सिस्टर : अरे देवा.

मुलगा : रोज दोनदा घ्यायचे. मी दारातून बघायचो. चार शब्दांचं काम होतं हो!

सिस्टर : डोळे पुसा आणि शिकून घ्या. आधी ओल्या कापडानं हलक्या हातानं पुसायचं. मग या औषधाचे थेंब जिभेवर. घोळवू द्या, नंतर अर्धा तास पाणी नाही. दिवसातून चार वेळा. कवळी रात्री काढायचीच.

मुलगा : बरं कधी होईल?

सिस्टर : पंधरा दिवस धरा.

मुलगा : डॉक्टर म्हणतात, छाती तेवढे दिवस काढायची नाही.

सिस्टर : म्हणून तर आजच सुरू करायचं. जाताना तरी घासभर गोड लागावं त्यांना.

(पाच दिवसांनी. त्याच खोलीत बापलेक दोघेच.)

मुलगा : पुसून झालं, आबा. दुखलं?

आबा : कमी आहे.

मुलगा : काय म्हणालात?

आबा : कमी आहे म्हटलं. बहिरा झालास काय?

मुलगा : आबा, माझं चुकलं. त्या पंपाचं...

आबा : ऐकलंय सगळं. तोंड गेलं होतं माझं, कान नाही.

मुलगा : मग चिडा ना माझ्यावर!

आबा : राग आठवड्यात गेला होता रे. मग हे दुखणं आलं. तुला हाक मारायला जायचो, तर घशातून भलतंच काहीतरी निघायचं. आणि तू दार ओढून घ्यायचास.

मुलगा : मला वाटायचं, हाकलताय मला.

आबा : आज कामावर नाही गेलास?

मुलगा : सुट्टी घेतलीय.

आबा : किती दिवस?

मुलगा : लागतील तेवढे, आबा.