दुसरी तार

कवठे महांकाळच्या स्टँडवर मिरजेची गाडी अजून लागली नव्हती. गाडीची वाट बघत बसलेल्या येसूबाईच्या शेजारी एक धनगर म्हातारा नि मुंबईला नोकरीला असलेला त्याचा पुतण्या धुळा बसले होते.

"तात्या, आमच्या आफिसात आकडेमोडीचं यंत्र हाय. घंटी वाजली की हातातलं काम सोडून घंटीचं बघतं."

"आन् सोडलेलं काम?"

"कुठवर आलं त्ये पाटीवर लिवतं. पाटी एकच. तेवढ्यात दुसरी घंटी वाजली, की पयलं पुसून तितंच लिवतं. मग माघारी वाट घावत न्हाई, नुसतं गरगरतं. म्हनून सायबाची तार आलीया, लगोलग या."

"मेंढरं मोजताना कुनी हाक मारली, तर मी आदी पटक्याला गाठ मारतो. गाठ बसंस्तवर ओ देत न्हाई."

"तवर हाक मारनारा गेला तर?"

"जातोय कुठं? ऱ्हातोय उबा दारात."

"व्हय की! घंटीबी उबीच ऱ्हाती! पाटीवरचं दुसरीकडं उतरून घेईस्तवर यंत्राचं कान झाकायचं!"

येसूबाईला ओ की ठो कळेना. यंत्राला कान?

"घावलं न्हवं? मग सांग. तुजी आय आजारी म्हनून आमी तार केली, काल आलास. आज दुसरी आली, निगालास. आयला सांगलीच्या दवाखान्यात कवा न्यायचं, संगं कोन जानार, कुठं लिवलंस?"

तेवढ्यात गाडी लागली.

"मिरऽज!" कंडक्टर ओरडला.

धुळानं ट्रंक उचलली आणि गावाच्या वाटेला लागला.

"आरं, सायबाचं काय?"

"ऱ्हाईल उबा दारात."