जहाजाच्या तळातली खूण

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, तू होय! बोल, बोल… नाही, घरी नाहीये मी, बाहेर आहे. … हो, पाहून आलो काल. … कुठलं जहाज म्हणून काय विचारतेस? तू जन्मलीस त्या वर्षी इथल्या गोदीत बांधलं ते. तू आणि ते एकाच महिन्यातले… हो, त्याला दर वर्षी नवा रंग देतात, म्हणून ते तरुण दिसतं. हस, हस.

हो, तेच. चारशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजाची हुबेहूब नक्कल. बंदराबंदरांत नेऊन लोकांना दाखवतात. इकडं एक्केचाळीस वर्षांनी आलंय… होती ना, तासभर रांग. शिडं गुंडाळून ठेवलेली. दोर मात्र नायलॉनचे निघाले, लांबून कळत नाही.

एकटा कसा जाईन? तुझी मामी होती बरोबर. म्हणाल्या, ह्यांचं परत बघायचं राहून गेलं, मी तरी बघते. … हो गं. तुझा मामा असता तर त्यालाच नेलं असतं. … कोण जाणे. आला असता की नाही.

काय? … नाही, सर्दी नाही झाली. … बसलोय. तुझ्या मामीच्या इमारतीत, जिन्यात. … दम नाही लागला! दहा मिनिटं झाली, बेल वाजवायला हात उचलत नाहीये… अगं, ऐक ना. ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल.

आम्ही गोदीत काय करायचो, ठाऊक आहे ना? … सुतार नाही गं. सुतार फळ्या बसवायचे. दोन फळ्यांमधली फट आम्ही भरायचो, बाहेरून. कापसाची वात ठोकून ठोकून. एक थर, त्याच्यावर दुसरा, मग डांबर. मी आणि तुझा मामा, शेजारी शेजारी. आपला पट्टा संपला की आत जाऊन तुळईवर छिन्नीनं आपली खूण मारायची. आत पाणी आलं तर फट कोणी भरली ते कळावं म्हणून. … नावं कुठली! निम्म्यांना सही येत नव्हती, त्यात मी एक. माझ्या तीन रेघा. त्याचा मासा.

हां. तर तू व्हायच्या दिवशी दुपारी निरोप आला, तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय. माझा एक पट्टा राहिला होता, पाच हात. … नाही, तुझ्यामुळे नाही. वेड्यासारखं बोलू नकोस. घाई माझी होती. मी एकच थर मारला आणि वर डांबर फासलं. डांबराखाली एक आहे का दोन, कुणाला दिसतंय? तुझा मामा म्हणाला, दाजी, झालं का? मी म्हटलं, दोन्ही थर झाले, खूण तेवढी राहिली. तो म्हणाला, पळा तुम्ही, मी बघतो.

… तसं नाही ना! दुसऱ्याची खूण आमच्यात कोणी मारत नसे. मारली तर ती खोटी सही. म्हणून त्यानं आपली मारली. मासा. माझ्या शब्दावर.

… हो. शिरलं पाणी. जहाज पाण्यात सोडलं त्याच दिवशी. मुकादम दिवा घेऊन तळात उतरला, मागं आम्ही सगळे. … फार नाही, घोट्याएवढं. पण खूण दिसली. तुझ्या मामानं माझ्याकडं बघितलं. मी हातोडा पुसत होतो. पुसतच राहिलो.

काढून टाकलं त्याला. पुढं कुठल्या गोदीनं उभं केलं नाही. … हो, मग ते सायकलींचं दुकान. तुम्हा पोरांना वाटायचं, मामाला सायकलींची हौस आहे.

नाही. एकदाही नाही. ना मला बोलला, ना कुणाला. … तुझी आई तर तोंडावर म्हणायची, तुझ्या हातचं काम म्हणजे चाळण. तो नुसता हसायचा. आणि मी तिथंच बसलेलो असायचो, बाई, तोंडासमोर पेपर धरून. वाचता येत नव्हतं, तरी पेपर धरून.

काल तळात उतरलो, तर मासा जागेवर. वर दिवा लावलाय, शेजारी पाटी. मामीचा चष्मा घरी राहिलेला. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा मासा! वाचा ना, काय लिहिलंय?" … वाचलं. म्हातारपणी अक्षरं शिकलो ती एवढ्यासाठी. बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं: ही खूण असलेल्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे पहिल्याच दिवशी जहाजात पाणी शिरले. … मागं एक जण हसला. बायकोला म्हणाला, उभी राहा तिथं, फोटो काढतो.

मामी? … त्यांनी खुणेवरून हात फिरवला. म्हणाल्या, "माणूस चांगला होता हो, हात कच्चा होता. आमच्यामुळे तुम्हाला गोदीत खाली बघावं लागलं असेल. माफ करा." … माझी माफी मागितली, पोरी. माझी! आणि मी काय म्हणालो माहितीये? "जिना उभा आहे, धरून चढा."

… शिव्या दे हवं तर.

जाऊ दे? कसं जाऊ दे? … रडतील, कळतंय मला. दार लावून घेतील तोंडावर, तेही कळतंय. … आईला सकाळीच सांगितलं. … भावाचा फोटो मांडीवर घेऊन बसलीये. तिला फोन कर, पण आत्ता नको. बसू दे.

जहाज उद्या सुटतंय. कप्तानाला कागद द्यायचाय. … नाही, तू नको लिहून देऊस. माझ्याच अक्षरात पाहिजे, वेडंवाकडं का असेना. चार कागद फाडले, पाचवा खिशात आहे. पण आधी तुझ्या मामीला. त्यांच्या आधी परक्या माणसाला सांगितलं, तर काय केलं मी?

थांब… दार उघडलं. … वहिनी! … हो, मीच. … नाही, पाय नाही दुखत, बसलो होतो असाच. पोरीचा फोन आहे. … पाणी नको. आत नाही येत. आधी ऐका, मग आत घ्यायचं का ते तुम्ही ठरवा. … पोरी, ठेवू नकोस. दोघी ऐका. उभ्यानंच वाचतो.

"कप्तानसाहेब, मासा कोरलेल्या तुळईजवळची पाच हात फट मी भरली. दोन थर मारायचे होते. मी एकच मारला आणि दोन मारले असे सांगितले. खूण माझ्या मेहुण्याची आहे, काम माझे आहे. त्याची नोकरी गेली तेव्हा मी तिथे उभा होतो आणि गप्प राहिलो. पाटीवरचे वाक्य पुसावे आणि तिथे माझे नाव लिहावे. तो स्वतः येऊन सांगणार नाही. तो यंदा नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी वारला."