वारेचा कारभार

—नाही नाही, बसा ना, पिशवी माझीच आहे, मांडीवर घेते. सून आत आहे माझी, सोनोग्राफीला. तिसरा महिना लागलाय. मुलगा गेलाय बरोबर—एकालाच आत सोडतात म्हणे—म्हटलं, जा बाबा, बाप तू होणार आहेस.

उलट्या थांबल्यात तिच्या. परवा, एकदम. आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! मीही तेच म्हटलं. नवस माझाच होता ना—देवा, हिच्या उलट्या थांबव, तोवर चहाला शिवणार नाही. पोरीच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता हो, बेसिन सोडायला तयार नसायची. थांबल्या. मी हात जोडले आणि कपभर चहा घेतला. कपभर कसला, दोन कप. आणि बघते तर सून रडतेय! म्हणे, थांबल्या कशा?

मग डॉक्टरीणबाईंना फोन. त्या म्हणाल्या, वार असते ना, बाळाला पोसणारी, ती रुजायला लागली की रक्तात एक हार्मोन सोडते, बहुतेक त्यानंच ही मळमळ. ते आधी चढत जातं, मग तिसऱ्या महिन्यात उतरायला लागतं. आणि दुसरं एक असतं, गर्भ धरून ठेवणारं—ते सुरुवातीला अंडाशय करतं, मग वार म्हणते, व्हा बाजूला, आता मी बघते. म्हणजे सुनेनं सासूच्या हातातलं उलथनं काढून घ्यावं तसं. मला लगेच समजलं. आमच्याकडे लग्नानंतर आठवड्यातच झालं ते. तर, मळमळ थांबणं चांगलंही असतं, म्हणाल्या. आणि कधी नसतंही—वारेनं कामच टाकलं तरी थांबते. बघितल्याशिवाय सांगता येत नाही, या.

तेव्हापासून चहा परत बंद. आता मागणं असं, की उलट्या परत सुरू होऊ देत. देवाला तरी काय वाटत असेल—बाई, एकदा नक्की कर आणि मग ये. पण तो समजून घेतो. त्याला सवय आहे माझी.

सुनेला म्हटलं, घाबरू नकोस, माझ्याही अशाच एकदम थांबल्या होत्या. पुढचं नाही सांगितलं. पुढचं काय—पुढे काही झालंच नाही. तेव्हा कुठली मशीनं. आठवड्यानं आपलं आपणच समजलं. सासूबाई म्हणाल्या, पड जरा, भांडी मी घासते. मग दोन वर्षांनी हा झाला. तो स्वतःला थोरला समजतो. समजू दे. यांनासुद्धा आठवत नसेल आता—तुम्हाला का सांगत बसलेय मी?

दार नीट लागलेलं नाही बघा त्यांचं. बाई काहीतरी म्हणतायत. मुलगा हसला का? की खोकला—घाबरला की खोकतो तो. आणि हा आवाज कसला? पंख्याचा असेल. नाही, पंखा असा नाही वाजत, इतका भरभर, धपधप धपधप—अहो, गप्प बसा ना जरा, केव्हाच्या बोलताय तुम्ही! ऐकू द्या मला.