विसावं नाव

बस की, बस आधी. सहीच पाहिजे ना, देतो की — सही काय पळून चाललीय का? पाच वाजेस्तोर मुदत हाय अन् आता कुठं सव्वाचार झालेत. तो अर्ज ठेव टेबलावर, त्या डस्टरखाली ठेव, न्हाईतर पंखा उडवतो. हां. 'ओपन इलेक्टिव्ह विषय बदलण्याबाबत.' अक्षर चांगलं हाय तुझं, ऋतुजा. बी. कॉम., पहिलं वर्ष. सोडायचा विषय — तर्कशास्त्राची ओळख. घ्यायचा विषय — हवामानाची ओळख. अन् खाली काय, तर सोडायच्या विषयाच्या शिक्षकाची सही. म्हणजे ज्याचं घर पाडायचं त्याच्याच दारात जाऊन टिकाव मागायचा! कुणाच्या डोक्यातून निघालं असंल हे? कुणाच्या का निघंना, माझ्या गळ्यात आलं. तुला ठाऊक हाय का तू माझ्या यादीत कितवी हायस ते? विसावी. अन् किती पोरं लागतेत विषय चालायला? वीस. एकोणीस झाली की विषय बंद, विषय बंद की माझे तास बंद, अन् मी तासावरचाच मास्तर — सतरा वर्षं झाली, दर जूनला नवा अर्ज, दर जूनला नवी मुलाखत, समोर बसलेले माझेच जुने विद्यार्थी, अन् विचारतेत, विरुपाक्ष सर, तुमचा अनुभव किती? — तर आता तूच सांग, ह्या कागदावर माझा हात कसा चालावा?

न्हाई, तुझी चूक न्हाईच. चूक ह्या बाजाराची हाय. आमच्या वेळी कसं होतं, कॉमर्सचं पोरगं कॉमर्स शिकायचं अन् नापास बी कॉमर्समध्येच व्हायचं. आता म्हणतेत, आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्याच. चांगलंच हाय! मी कुठं वाईट म्हणतो? माणसानं आपल्या बांधाच्या पलीकडं बघावं. पण बघू कुठं देतेत? पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात टेबलं मांडली होती आमची, आठवतंय ना — एका ओळीत बारा मास्तर, गळ्यात ओळखपत्र, पुढं पाटी. मेथीवाल्यासारखे. ये पोरी, इकडं ये, आमचा सोपा हाय! तिकडं जाऊ नको, ते सर हजेरी घेतेत! एका सरांनी तर बिस्किटं ठेवली होती ताटलीत. अन् ते योगावाले! दोनशे पोरं त्यांच्याकडं. कावून? तर परीक्षेत शवासन असतंय. मागच्या साली हॉलमध्ये ओळीनं साठ पोरं आडवी घातली, परीक्षक फिरून फिरून मार्क देतोय, अन् तिसऱ्या रांगेत दोघं खरंच झोपली — घोरायला लागली — त्यांना शंभरपैकी शंभर! एक तर दुसऱ्या दिवशी उठलं, तेव्हा निकाल लागला होता. हसू नको, खरं सांगतो. बरं, दुसऱ्या दिवशी न्हाई, संध्याकाळी. पण शंभर मिळाले हे खरं. नव्वद तरी.

अन् मी काय ठेवणार ताटलीत? तर्क? तर्क काय बिस्किटासारखा चहात बुडवून खाता येतोय? म्हणून मग गोष्टी सांगाव्या लागतेत. आता लखन — तुझ्याच वर्गात हाय, त्याला मी काय सांगितलं, तर आपला एक विद्यार्थी गेवराईच्या बाजूला टोलनाक्यावर अडला, टोलवाल्याला त्यानं तीनच प्रश्न विचारले, असे तर्कशुद्ध, की टोलवाल्यानं फाटक उघडलं, वर चहा पाजला, अन् मागं उभे असलेले वाळूचे ट्रकवाले खाली उतरून म्हणाले, दादा, आमच्याबी वतीनं तुमीच बोला. लखननं तिथंच फॉर्म भरला. नंतर कळलं, त्याच्याकडं सायकल हाय. सायकलला टोल नसतोयच! पण नाव तर लागलं. तेरावं नाव ते. अन् चौदावं-पंधरावं कसं आलं, तर कपिलधारला मी धबधब्याखाली उभं राहून अनुमानावर बोलत होतो अन् पाणी दोन मिनिटं थांबलं ऐकायला, असं — काय म्हणलीस? उन्हाळा असंल? असंल की. मी कुठं म्हणलो पावसाळा होता? तू लई बारीक ऐकतेस बाई. हेच पाहिजे तर्कशास्त्राला, अन् हीच पोरगी निघाली ढग मोजायला.

हवामान! अगं हवामान काय शिकायचंय त्यात — मोबाईलवर बोट फिरवलं की दिसतंय, उद्या ऊन, परवा ऊन, बीड जिल्ह्यात दुसरं असतंय काय? आं? ... कधी? तीन वर्षांखाली — हां हां, ती गारपीट. आमच्या श्रीशैलच्या, माझ्या भावाच्या दुकानाचे पत्रे गेलते त्यात. तुमचा कळप कुठं होता तेव्हा? ... उघड्यावर. ... किती कोकरं गेली म्हणलीस? ... चाळीस. अन् तू होतीस तिथं? ... तू कोकरांवर घोंगडी धरून बसलीस, अन् घोंगडीखाली किती मावली? ... सहा. हं.

न्हाई, पाणी पी तू. त्या बाटलीतलं पी, माझंच हाय.

बरं, पण एक सांगू का, अन् हे तुझ्या भल्याचंच हाय — मोबाईलवर यायचं ते तुमच्या रानापर्यंत येत न्हाई, म्हणून तुला स्वतःला शिकायचंय, ढग, वारा, दाब, बापाला आधी सांगता यावं, कळप कुठं हलवायचा ते. समजलं मला. दगड न्हाई मी. पण तुझ्या बापानंच तर नको म्हणलं ना? सिदू साधा माणूस, पण खुळा न्हाई. दरसाल आमच्या घाटनांदूरच्या रानात त्याची मेंढरं बसतेत खतासाठी, वीस वर्षं बघतोय मी त्याला. त्यानं विचार करूनच सांगितलं असंल. अन् बापाच्या जागी कुणीबी असतं तरी तेच म्हणलं असतं — चार दिवस परगावी सहल, पोरगी एकटी, बसमध्ये सगळी टवाळ पोरं, म्हणल्यावर कुठला बाप —

सहल? कुठली सहल? मी सहल म्हणलो? न्हाई बा. मी म्हणलो सहज. सहज म्हणलो, की एखाद्या बापाला असं वाटू शकतं... अशी बघू नको माझ्याकडं. ... बरोबर हाय, हवामानाला सहल नसती. छतावर एक पांढरं खोकं हाय, त्यात तापमापी, अन् जिना चढून वर जायचं, एवढीच सहल. ... बरोबर हाय, बापानं तुला सहलीचं काही सांगितलंच न्हाई, नुसतं 'तो विषय नको' म्हणला. ... आता तू म्हणतेस, जे बाप कुणाला बोलला न्हाई ते सरांना कसं ठाऊक? म्हणजे ते सरांनीच बापाच्या डोक्यात घातलं असणार. बघ! बघ, ह्यालाच अनुमान म्हणतेत! दोन आठवड्यांत एवढं आलं तुला, अन् निघालीस सोडून! शाब्बास — न्हाई, न्हाई, बस, उठू नको. सांगतो. सगळं सांगतो, बस.

त्या दिवशी असं झालं की माझी एकोणीस झाली होती. शेवटचा दिवस, संगणकाच्या खोलीत पोरांची जत्रा, अन् हवामान शिकवणाऱ्या भूगोलवाल्यांकडं साठ झालेली, त्यांना एक पोरगी कमी काय अन् जास्त काय. तू हवामानाचा फॉर्म अर्धा भरून उठली होतीस, आठवतंय? कारण ओटीपी बापाच्या मोबाईलवर जाणार अन् बाप गोदावरीच्या काठाला मेंढरं घेऊन गेलता, फोन लागत नव्हता. तू म्हणलीस, सर, सांच्यापारी लावून बघते, अन् मेसला गेलीस. अन् मी — माझ्याकडं सिदूचा नंबर हायच की, शेतात कळप बसवायला आमीच फोन करतो त्याला. लावला. अन् नेमका लागला! सिदू बांधावर चढला असंल. म्हणलं, सिदू, पोरीनं हवामान घेतलंय, त्यात चार दिवस लांब न्यावं लागतं पोरींना, तुला चालतंय का? — असं का म्हणलो मी? अगं, तोंडातून निघून गेलं. गोष्टीच सांगत होतो ना सकाळपासून, एकामागून एक, टोलनाका, धबधबा, जिभेला वळणच पडलं होतं — मला वाटलं हीबी त्यातलीच एक. तो मग म्हणला, सर, तुमी म्हणताल तसं. मी म्हणलो, माझ्याकडं ठेवतो की, आपली पोरगी, डोळ्यापुढं राहील. तर तो — काय सांगू तुला — तो म्हणला, लई उपकार झाले सर. अन् एकेक आकडा वाचून दाखवला मला ओटीपीचा, सावकाश, मेंढरं मोजल्यासारखा. मधी एकदा मेंढरू ओरडलं तर म्हणला, थांबा सर, परत पहिल्यापासून सांगतो, चुकायला नको.

फॉर्मात हवामानाच्या जागी तर्कशास्त्र टाकलं, तुझं नाव लागलं. वीस झाली. मी व्हरांड्यात येऊन पेढे वाटले बघ, योगावाल्यालाबी दिला.

म्हणलं, एका सेमिस्टरचा तर प्रश्न हाय. पोरगी तर्क शिकंल, काय वाईट हाय? बापाचं काय, बाप विसरूनबी गेला असंल. दोघं बसून बोलतील, मिटंल — ... काय? ... कधीपासून? ... फॉर्म भरल्यापासून? म्हणजे पंधरा दिवस? पंधरा दिवस झाले तू फोन उचलला न्हाई बापाचा?

अन् तो करतो का फोन?

रोज.

... थांब. थांब, लावतो मी. आत्ता लावतो, तुझ्यापुढं, मीच सांगतो त्याला. सिदू... सिदू... हा बघ, लावला — 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' परत लावतो. ... बाहेरच. नको तेव्हा बांधावर चढून उभा होता, अन् आता पाहिजे तर — न्हाई, त्याला कावून बोलतोय मी. परत एकदा बघू. ... न्हाई लागत.

काय सांगणार होतो म्हणतेस? ते काय आधी ठरवून... म्हणलो असतो, सिदू, कॉलेजनं सहल रद्द केली, आता पाठव पोरीला बिनघोर... आं? न्हाई न्हाई. तू म्हणतेस ते बरोबर हाय. ती दुसरी गोष्ट झाली असती. बघ की, हात कागदावर हाय अन् तोंड अजून तिकडंच चाललंय. घरात बी असंच. श्रीशैल म्हणतो, दादा, तुझे तास गेले की दुकानात बस, गिऱ्हाइकाला बोलून बोलून तूर डाळीबरोबर दुकानाचा पत्राबी विकशील. चेष्टेत म्हणतो. पण गल्ल्याशेजारी एक स्टूल आणून ठेवलंय त्यानं, मागच्या जूनपासून. नवं स्टूल. त्याच्यावर अजून कुणी बसलेलं न्हाई. मी दुकानात गेलो की उभाच राहतो.

जाऊ दे ते. आण तो अर्ज. पेन? हाय पेन. — ही घे सही. वि. शि... पूर्ण सही केली बघ, नुसती इनिशियल न्हाई. अन् हे काय, इथं रकाना रिकामा ठेवलास — 'विषय बदलण्याचे कारण'. हे भरल्याशिवाय ऑफिसात घेत न्हाईत. लिही, 'वैयक्तिक कारण'. सगळे तेच लिहितेत. ... का न्हाई? ... मी लिहू? माझ्या हातानं?

लई अवघड पोरगी हायस तू.

दे इकडं. ... 'विद्यार्थिनीच्या वडिलांना... सदर विषयाबाबत... शिक्षकाने...' — चुकीची लिहू का, खोटी? 'चुकीची माहिती' म्हणलं की जरा... ... बरं. 'खोटी माहिती दिल्यामुळे. वडिलांचा व विद्यार्थिनीचा दोष नाही.' तारीख. अन् खाली परत सही. घे. ऑफिसात द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढ ह्याचा, अन् बाप रेंजमध्ये आला की वाचून दाखव त्याला. सावकाश वाच. मधी काही ओरडलं तर परत पहिल्यापासून वाच.

थँक्यू काय म्हणतेस, चल. मुंडासं बांधून देवळात बसवशील आता मला. जा, भूगोलाचे सर पावणेपाचला निघतेत, त्यांची सही राहिलीय. पळ. — अगं, दार ओढून घेऊ नको. राहू दे उघडं. पाच वाजायला अर्धा तास हाय अजून, एखादं पोरगं येईलबी.